कुणासारखा काढलास?

माझा मामा आयुष्यभर मराठी दैनिकांत वृत्तछायाचित्रकार होता, आता निवृत्त आहे. मी एका कला महाविद्यालयात छायाचित्रण शिकवते. आषाढी झाली की आमच्याकडे विद्यार्थ्यांची स्पर्धा होते. विषय अर्थातच वारी, आणि या वेळी परीक्षक म्हणून आम्हा दोघांना बसवलं होतं. फोटो निवडता निवडता भांडण भलतीकडेच गेलं: फोटो काढणाऱ्याला आवडता फोटोग्राफर असावा की नसावा? मामाच्या मते नसावा. माझी तर नोकरीच ‘असावा’ या मतावर चालते. त्या संध्याकाळचं बोलणं पुढे दिलं आहे. मामाच्या शिव्या तेवढ्या गाळल्या आहेत.

मामा: हा बघ. दिवे घाट, ड्रोनवरून. हा दुसरा, दिवे घाट, ड्रोनवरून. हा तिसरा. आता म्हातारी. सुरकुत्या, डोक्यावर तुळस, मागचं सगळं धूसर. ही दुसरी म्हातारी. ही तर तीच म्हातारी, फक्त काढणारा वेगळा. रिंगणातला अश्व, चारही पाय हवेत. आता मला सांग, यातल्या कुणी वारी पाहिली?

मी: सगळ्यांनी पाहिली असेल. सगळे चाललेत.

मामा: चाललेत. पाहिलेला आहे तो मोबाईलवरचा गेल्या वर्षीचा फोटो. तोच आणायला गेले होते, आणि आणला. हीच तुझी प्रेरणा. कुणाचं तरी काम आवडलं की डोळे त्याचे होतात, पाय तेवढे आपले राहतात.

मी: मामा, हे आवडत्या फोटोग्राफरमुळे होत नाही, तो नसल्यामुळे होतं. यांना विचार, दिवे घाटाचा तो पहिला गाजलेला फोटो कुणी काढला? एकाला सांगता येणार नाही. नाव माहीत नाही, त्याचे दुसरे फोटो पाहिलेले नाहीत, तो तिथं किती वाजता पोचला होता हे ठाऊक नाही. त्यांना एक फोटो आवडला आहे. छायाचित्रकार आवडणं वेगळं.

मामा: फरक काय?

मी: मार्टिन मुंकाची ऐकलायस?

मामा: नाही. आणि माझं काही अडलं नाही.

मी: हंगेरीतला. आधी खेळांचे फोटो काढायचा. 1930च्या सुमाराचा त्याचा एक फोटो आहे, आफ्रिकेतल्या किनाऱ्यावरची तीन मुलं पाठमोरी लाटांत धावत शिरतायत. तो फोटो फ्रान्समध्ये एका तरुणाच्या पाहण्यात आला. तो तेव्हा चित्रकला शिकलेला, आफ्रिकेतून आजारी पडून परतलेला. त्याला वाटलं, कॅमेऱ्यानं एवढं साधता येत असेल तर आपण घरात का बसलोय? 1932मध्ये त्यानं लायका घेतला. तो आँरी कार्तिए-ब्रेसाँ.

मामा: बरं. मग त्यानं पाण्यात धावणारी मुलं काढली?

मी: तेच सांगतेय. नाही काढली. त्यानं रस्ता धरला. आणि गंमत पुढे आहे. हाच मुंकाची नंतर अमेरिकेत ‘हार्पर्स बझार’साठी फॅशनचे फोटो काढायला लागला. तोवर मॉडेल स्टुडिओत पुतळ्यासारखी उभी असायची, त्यानं तिला समुद्रकिनाऱ्यावर पळायला लावलं. ते फोटो बघत रिचर्ड अ‍ॅव्हेडन नावाचा मुलगा लहानाचा मोठा झाला आणि त्यानंही मॉडेलना रस्त्यावर आणलं, उड्या मारायला लावल्या. एक माणूस, त्याचे दोन वारस. एकानं कुणालाही कधी ‘जरा असं उभं राहा’ म्हटलं नाही. दुसरा सगळं ठरवून करवून घेणारा. दोघांचे फोटो शेजारी ठेवलेस तर नातं आहे हे तुला पटणारही नाही.

मामा: नसेलच. फोटो काढणारा मोठा झाला की मुलाखतीत कुणाचं तरी नाव घेतो. तेवढंच नातं.

(इथं मामाचा मुद्दा अगदीच फोल नाही. मोठ्या लोकांच्या प्रेरणांच्या कथा नंतर सांगितलेल्या असतात, आणि नंतर सांगितलेल्या कथेत कोपरे घासलेले असतात. पण ब्रेसाँनं त्या तीन मुलांचा उल्लेख पुन्हा पुन्हा केला आहे आणि त्याच्या पुढच्या कामातून धाव दिसते, हेही खरं.)

मामा: तुमच्या त्या ब्रेसाँचं मला सांगू नकोस. आमच्याकडे एक सीनियर होता, त्याच्या खणात ब्रेसाँचं पुस्तक असायचं. एकदा पुराच्या पाहणीला मंत्री आले. सगळ्यांनी होडीतला मंत्री आणला. यानं काय आणलं? डबकं. डबक्यात झाडाचं उलटं प्रतिबिंब आणि एक कुत्रं. सुंदर होतं, नाही म्हणत नाही. पण पानावर काय लावायचं? फोटोओळ काय लिहायची? शेवटी एजन्सीचा फोटो घेतला. नंतर कित्येक दिवस तो ब्रेसाँसारखा नेमका ‘क्षण सापडला नाही’ म्हणून रोल वाया घालवायचा. रोल कचेरीचा होता.

मी: हा ब्रेसाँचा दोष?

मामा: ब्रेसाँचा नाही, पुस्तक खणात ठेवण्याचा. शिवाय ब्रेसाँ घरचा श्रीमंत. दोऱ्याचा कारखाना होता ना त्यांचा? त्याला क्षणाची वाट बघणं परवडत होतं. आणि तुम्ही मुलांना जे सांगता, तो फोटो कधी क्रॉप करत नसे, त्यावर तर मी एकदा वाचलं होतं...

मी: सँ-लाझार स्टेशनमागचा. साचलेल्या पाण्यावरून उडी मारणारा माणूस, 1932. फळ्यांच्या कुंपणाच्या फटीतून काढला, लेन्स पूर्ण मावेना, डाव्या बाजूला फळी आली, ती नंतर कापली. मी मुलांना हेही शिकवते.

मामा: सर्वांत गाजलेला फोटो आणि तोच कापलेला!

मी: म्हणूनच शिकवते. फोटो आवडणारा ‘काय सुंदर उडी’ म्हणून पुढे जातो. छायाचित्रकार आवडणारा फटीपर्यंत पोचतो. फटीतून नीट दिसत नसतानाही कॅमेरा लावायचा, ही गोष्ट त्याला मिळते. ब्रेसाँ जवळजवळ सगळं काम 50 मिलिमीटरच्या लेन्सवर करायचा. त्या लेन्सनं लांबून चोरून फोटो येत नाही, जवळ जावं लागतं. यातलं काहीही त्याच्यासारखं दिसण्याशी संबंधित नाही.

मामा: मुलं मात्र डबक्यापाशीच जाऊन बसतात.

मी: बसतात. पहिलं वर्ष बसू देते. मंडईत पाठवते, एकेका गुरूचा एक फोटो हुबेहूब काढून आणायला सांगते. मग त्याच जागी परत पाठवते, त्या गुरूनं जो काढला नसता असा फोटो आणायला. दुसरा फोटो पहिल्याशिवाय येत नाही, मामा. काय मोडायचं तेच माहीत नसेल तर मोडणार काय?

मामा: हे पुस्तकी झालं. कुणी खरं मोडलंय?

मी: रघुबीर सिंह. जयपूरचा. शाळकरी वयात त्याच्या हाती ब्रेसाँचं जयपूरवरचं पुस्तक पडलं. आपलंच गाव, परक्या माणसाच्या डोळ्यांनी. पुढे 1966 साली ब्रेसाँ जयपूरला आला तेव्हा यानं त्याला प्रत्यक्ष काम करताना पाहिलं. इतकं जवळून पाहिलेला माणूस काय करेल? कृष्णधवल करेल. ब्रेसाँला रंगाचं वावडं होतं. यानं आयुष्यभर रंगच केला, कोडाक्रोमवर. त्याचं म्हणणं होतं की पाश्चात्त्य कृष्णधवलात एक एकटेपणा आणि उदासी मुरलेली आहे, ती इथल्या बघण्याशी जुळत नाही. आपल्याकडे रंग काढून घेतला की निम्मी गोष्ट जाते.

मामा: हे मात्र खरं. आमचा पेपर कृष्णधवल होता तेव्हा गुलालाचा फोटो म्हणजे राखेचा फोटो वाटायचा.

मी: मग ब्रेसाँचा 1948चा श्रीनगरचा फोटो बघ, टेकडीवर पाठमोऱ्या उभ्या असलेल्या बायका. आणि रघुबीर सिंहचा 1967चा बिहारमधला मुंगेरचा, पावसात एकमेकींना बिलगलेल्या भिजल्या बायका. पहिल्याचा अभ्यास दुसऱ्यात दिसतो. माणसं कशी रचली जातात, किती जवळ उभं राहायचं, ते. पण दुसऱ्यात ओल्या लुगड्यांचा रंग काढलास तर फोटो उरत नाही.

मामा: हा एक झाला.

मी: रघू राय. त्याचं प्रदर्शन 1971मध्ये पॅरिसला लागलं, ब्रेसाँनं पाहिलं, आणि 1977 साली मॅग्नम या छायाचित्रकारांच्या संस्थेसाठी त्याचं नाव सुचवलं. म्हणजे अधिकृत पट्टशिष्य म्हण हवं तर. क्षण पकडणाऱ्याचा शिष्य. आणि त्याचा मुंबईतला गाजलेला फोटो कोणता? चर्चगेट, 1995. फलाटावर काही माणसं पेपर वाचतायत, अगदी स्थिर, आणि भोवतीची गर्दी नुसती धूर होऊन वाहतेय. शटर मुद्दाम हळू ठेवलेलं. एक क्षण नाहीच त्यात, कितीतरी क्षण एकावर एक आहेत. गुरूनं जो काढला नसता तोच फोटो.

मामा: चर्चगेटचा पाहिलाय. चांगला आहे. पेपर वाचणारे आमचे गिऱ्हाईक.

(मामा हसला, पण मागे हटला नाही. पुढचा वार त्यानं गाण्यातून केला. त्याच्या घरी रेडिओ अजून सकाळी लागतो.)

मामा: तू म्हणतेस ते घराण्यासारखं झालं. मोगूबाई अल्लादियाखाँसाहेबांकडे शिकल्या, किशोरीताई मोगूबाईंकडे, आणि किशोरीताईंनी घराण्याबाहेर पाऊल टाकलं. मान्य. पण तिथं गुरू समोर बसलेला असतो. सूर खाली गेला की थांबवतो. तुझा पुस्तकातला ब्रेसाँ माझ्या पोराला थांबवणार आहे का? तो गप्प बसतो. गप्प बसणाऱ्या गुरूची नक्कल होते, तालीम होत नाही.

या मुद्द्यावर मी थोडा वेळ अडले, कारण तो बरोबर आहे. माझ्या वर्गातही हेच होतं. मुलांना छापील फोटो दिसतो, त्याच्याआधीचे फसलेले दिसत नाहीत. मॅग्नमनं 2011 साली आपल्या छायाचित्रकारांच्या काँटॅक्ट शीटचं जाडजूड पुस्तक काढलं. ते मी वर्गात आणते, कारण त्यात टाकून दिलेल्या फ्रेम दिसतात. गप्प बसणारा गुरू तिथं थोडं बोलतो. मामाला ते पुस्तक दाखवलं तर तो म्हणाला, एवढे रोल आम्हाला कुणी दिले नसते.

मी: समोर बसलेला गुरूच हवा असेल तर तेही सांगते. सूनी तारापोरवाला. मुंबईची. ‘सलाम बॉम्बे’ची पटकथा तिची. ती 1980च्या दशकात आपल्या घरच्यांचे, आजीआजोबांचे, ओळखीच्या पारशांचे फोटो काढत होती. रघुबीर सिंहनं ते पाहिले आणि म्हणाला, याचं पुस्तक कर. ते 2000 साली निघालं. केतकी शेठ, तीही मुंबईचीच. तिलाही त्याचंच मार्गदर्शन. आता यातली मजा बघ. भारत रंगातच दिसतो म्हणून जगाशी भांडणारा माणूस, आणि त्यानं हाताला धरलेल्या दोघींचं नाव झालं ते कृष्णधवलावर.

मामा: म्हणजे त्यानं त्यांना रंग घ्यायला लावला नाही.

मी: नाही ना!

मामा: मग यात त्याच्या फोटोंचं काय कर्तृत्व? त्यानं माणूस म्हणून सांगितलं, काम चालू ठेव. हे कुणीही सांगू शकतं. एखादा संपादक, एखादी आई.

मी: कुणीही सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं? सांगणाऱ्यामागे तसले फोटो होते म्हणून ऐकलं.

मामा: असेल.

(‘असेल’ हा मामाचा पराभव नव्हे, तह आहे.)

मामा: मला विचारशील तर एकच बाई. होमाई व्यारावाला. जन्म 1913चा, नवसारीचा. जे. जे.त शिकलेली, मुंबईतच फोटो सुरू केले. सुरुवातीचे छापून आले ते नवऱ्याच्या नावानं, पुढे ‘डालडा 13’ असं टोपणनाव. 1942मध्ये दिल्लीला गेली. साडी नेसून, एवढाला जड कॅमेरा घेऊन, सायकलवरून. तिच्यापुढे कुठली आवडती फोटोग्राफर होती? बायकाच नव्हत्या या धंद्यात. तिला शिकवलं नवऱ्यानं आणि कामानं. काम समोर होतं, ते केलं.

मी: 30 जानेवारी 1948ला ती कुठं होती, माहितीये?

मामा: माहितीये. बिर्ला हाउसला निघाली होती, नवऱ्यानं थांबवलं, म्हणाला उद्या दोघं मिळून जाऊ. जन्मभर खंत राहिली तिला. तुझा ब्रेसाँ त्याच दुपारी गांधीजींना भेटून गेला होता, आणि रात्री तिथंच परत आला. नशीब. यात प्रेरणेचा काय संबंध? फोटो तिथं असणाऱ्याचा होतो.

मी: आणि तिनं कॅमेरा का ठेवला?

मामा: 1970ला ठेवला. नवरा गेला, आणि नवे फोटोग्राफर धक्काबुक्की करायला लागले. तिच्या काळात अंतर राखायचे, कपडे नीट असायचे, खाणाऱ्या माणसाचा फोटो काढायचा नाही, असले नियम होते. ते मोडलेले तिला बघवेनात. पद्मविभूषण मिळालं 2011ला, पुढच्याच जानेवारीत गेली. मीसुद्धा कधी कुणाच्या तोंडात घास असताना फोटो काढला नाही.

मी: हे तू कुणाकडून घेतलंस?

मामा: ...

मी: मामा, तुझी आवडती फोटोग्राफर आहे!

मामा: आवडती नाही. तिच्याबद्दल आदर आहे. तिचा एकही फोटो मी पुन्हा काढायला गेलो नाही.

मी: मी तरी दुसरं काय म्हणतेय? आणि तुझ्यासारखे बरेच आहेत. सबीना गडिहोकनं 1998मध्ये ‘थ्री विमेन अँड अ कॅमेरा’ हा माहितीपट केला. होमाई, शीबा छाछी आणि दयानिता सिंग. पुढच्या दोघींचे फोटो होमाईसारखे अजिबात नाहीत. पण बाईनं गळ्यात कॅमेरा अडकवून गर्दीत शिरण्याची वाट कुणीतरी आधी मळलेली होती.

मामा: वाट वेगळी, फोटो वेगळा. तुम्ही शिकवणारे लोक दोन्ही एकाच नावाखाली घालता. सुधारक ओलवेचं काम घे. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवर. पद्मश्री मिळाली 2016ला. ते फोटो बघताना मला एकाही फ्रेंच माणसाची आठवण येत नाही. त्या गटारात उतरलेल्या माणसाची येते. फोटो पाहून फोटोग्राफर आठवला तर काहीतरी चुकलंय.

(इथं मी मामाशी सहमत आहे आणि तसं त्याला सांगितलं नाही.)

एवढ्यात एक फोटो पुढे आला. रात्रीचा, पालखीच्या मुक्कामावरचा. समाजआरतीच्या वेळी दिंड्यांना सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात, ते दृश्य. हात उंचावून धरलेला एक स्टीलचा तांब्या, खाली कानटोपी, चष्म्याचं एक घर, आणि ऐकणाऱ्यांचे चेहरे: आपलं आहे का, नाही. प्रकाश अपुरा, डावी कड जरा कललेली. ना घाट, ना अश्व, ना तुळस. मामानं तो हातात घेतला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

मामा: हा कुणाचा?

मी: मुलीचा आहे, दुसऱ्या वर्षाची. थांब, सोबत टिपण आहे. लिहिलंय की संदेश भंडारे यांचं तमाशावरचं पुस्तक पाहिलं. वाटलं, बोर्डावरची लावणी सगळे काढतात, यांनी फडाचं पालातलं जगणंही काढलं. म्हणून वारीत सगळे कॅमेरे बंद झाल्यावर काय चालतं ते बघायचं ठरवलं.

मामा: भंडाऱ्यांचं वारीवरचंही पुस्तक आहे ना?

मी: आहे. ‘वारी: एक आनंदयात्रा’. पण तिनं ते नाही धरलं, तमाशाचं धरलं. हाच माझा सगळा मुद्दा आहे, मामा. एका विषयावरचं बघणं उचलून दुसऱ्या विषयावर ठेवलं. घाटाचे फोटो पाहून घाट काढणारे ते वेगळे.

मामा: टिपण पुरं वाच.

मी: ...‘दरवर्षी आजीच्या दिंडीत असते. मागच्या वर्षी आजीचा तांब्या हरवला होता.’

मामा: झालं तर! पुस्तक पाहिलं नसतं तरी तिनं हाच फोटो काढला असता. तांब्यामुळे.

मी: तांबे पुष्कळांचे हरवतात. फोटो एकीनंच काढला.

मामा: कारण बाकीचे ड्रोन उडवत होते.

वाद तिथंच राहिला आणि अजून तिथंच आहे. दोन्ही कारणं त्या मुलीच्याच टिपणात होती. मी पहिलं धरलं, मामानं दुसरं. निकालावर मात्र दुमत झालं नाही. पहिलं बक्षीस त्या फोटोला. दुसरं लोणंदच्या मुक्कामावर टँकरखाली अंघोळ करणाऱ्या टाळकऱ्यांच्या फोटोला. तिसरं कुणालाच नाही, हा मामाचा हट्ट. पुढच्या वर्षीच्या प्रवेशअर्जात ‘तुम्ही कुणाची छायाचित्रं पाहता?’ हा रकाना सक्तीचा असेल, आणि ड्रोनचे फोटो घेतले जाणार नाहीत. पहिली अट माझी, दुसरी मामाची.